भंडारदरा सहल : ट्रेलरच्या मागे सायकली बांधू नका

नमस्कार मंडळी,

शनिवारी पहाटे मुलुंडहून निघताना कॅराव्हॅन ट्रेलरच्या (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घराच्या) मागच्या बंपरला कुणीही सायकल, स्टँड किंवा सामान बांधायचं नाही. विनंती नाही, नियमच समजा.

तो बंपर दणकट दिसतो. पण बऱ्याच ट्रेलरना ती नुसती पातळ पत्र्याची चौकोनी पोकळ नळी असते, चॅसीला (खालच्या सांगाड्याला) वेल्ड केलेली. त्यावर स्टेपनी असेल तर विचारायलाच नको. चाकांच्या बरंच मागे टांगलेलं वजन प्रत्येक खड्ड्यात उसळतं आणि सगळा पीळ वेल्डवर येतो. (पावसाळ्यानंतरचे आपले रस्ते ठाऊक आहेतच.) शिवाय मागे वजन वाढलं की पुढे, ट्रेलर गाडीला जोडतो त्या हुकवरचा भार घटतो. तो ट्रेलरच्या एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के हवा. कमी पडला तर वेगात ट्रेलर शेपटीसारखा डोलायला लागतो, आणि कसारा घाटात ते परवडणार नाही.

सायकली टेम्पोत किंवा गाडीच्या टपावर. कारला मागचा कॅरियर लावणाऱ्यांनी नंबर प्लेट आणि टेललाइट झाकले जात नाहीत हे बघावं, पुढचं चाक फ्रेमला बांधावं. ई-सायकलची बॅटरी काढून गाडीत ठेवा. बंजी दोरीवर माझा काडीचाही भरवसा नाही. रॅचेटचे (खटक्याने आवळायचे) पट्टे आणा. तंबू आणि पाण्याचे कॅन ट्रेलरच्या आत, चाकांच्या जरा पुढे, खाली जमिनीवर.

टेम्पोत किती सायकली, ते शुक्रवारी संध्याकाळपर्यंत इथेच कळवा.