संत्र्याला ‘उलाटा’ कुणी केलं?

महोदय,

माझी रोपवाटिका लहानशी. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचे डोळे भरायचे, कलमांना चिठ्ठ्या बांधायच्या, यातच तीस वर्षं गेली. त्यामुळे कुठेही गेले की आधी पाटी वाचते, झाड नंतर बघते. मागच्या रविवारी नातवाला घेऊन शहरातल्या एका बागेत गेले होते. संत्र्याच्या झाडावर नवीकोरी पाटी. वरच्या ओळीत ‘सिट्रस रेटिक’, खालच्या ओळीत ‘उलाटा’. नातवाने मोठ्यांदा वाचलं आणि विचारलं, “आजी, संत्र्याले उलटा काहून म्हणते?”

संत्र्याचं शास्त्रीय नाव ‘सिट्रस रेटिक्युलाटा’. पाटी अरुंद होती, मान्य. पण शब्द तोडायचाच तर सांध्यावर तोडावा. रे-टि-क्यु-ला-टा, अशी पाच अक्षरं, जोर ‘ला’वर. कुणी इंग्रजी वळणाने ‘रेटिक्युलेटा’ म्हणतं, जुन्या लॅटिनला धरून चालणारे ‘रेतिकुलाता’ म्हणतात. जोर दोघांचाही त्याच जागी, तेव्हा त्यावरून मी भांडणार नाही. वनस्पतींच्या नामकरणाचे नियमही स्पेलिंगवर बोट ठेवतात, जिभेवर नाही.

नातवाला तिथेच बाकावर बसवून फोड करून सांगितली. लॅटिनमध्ये ‘रेटे’ म्हणजे जाळं. त्याचं छोटं रूप ‘रेटिक्युलम’. आपल्याकडे जाळ्याची जाळी होते, तसंच. शेवटचा ‘आटा’ म्हणजे आपला ‘दार’. झालं जाळीदार! संत्रं सोललं की फोडींवर पांढऱ्या दोऱ्यांचं जाळं असतंच, आमचे चिरंजीव ते एकेक ओढून टाकत बसतात. हे नाव दिलं ब्लँको नावाच्या स्पॅनिश धर्मगुरूने, १८३७ साली मनिलात छापलेल्या ग्रंथात. नागपूर बिचाऱ्याने पाहिलंही नसेल.

‘सिट्रस’ कानाला पुल्लिंगी वाटतं, मग विशेषण ‘रेटिक्युलाटस’ का नाही? तर लॅटिनमध्ये झाडं बहुधा स्त्रीलिंगी, शेवट ‘अस’ असला तरी. आपला पिंपळही ‘फायकस रिलिजिओसा’च.

खरी गंमत पुढेच होती. दहा पावलांवर रामफळ, आणि त्याच्या पाटीवर ‘ॲनोना रेटिक्युलाटा’, एका ओळीत, बिनचूक! तोच शब्द, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसने १७५३ मध्ये वापरलेला. इथे जाळी सालीवरच उमटलेली, सोलायचीही गरज नाही. (सीताफळ ‘स्क्वामोसा’, म्हणजे खवलेदार. त्याची पाटी मात्र सापडली नाही.) म्हणजे रंगवणाऱ्याला शब्द लिहिता येतो, संत्र्याच्या वेळी पत्रा कमी पडला, एवढंच. पण ज्या गावाला लोक संत्रानगरी म्हणतात, तिथे नेमका संत्र्याचाच पत्रा कमी पडावा?

पाटी बदलता येत नसेल तर जुनी पुसून ‘रेटिक्यु-’ वर आणि ‘लाटा’ खाली घ्यावं. तेही जमत नसेल तर रंग आणि ब्रश माझ्याकडे आहे. बागेच्या माळ्याने फक्त शिडी धरावी.

– एक रोपवाटिकावाली आजी, नागपूर