साखरेच्या पुड्याबद्दल, डॉक्टरसाहेब

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही. आमचं गाव तुमच्या हद्दीत येत नाही, तरी तुम्ही आलात, त्याचा उगाच तुम्हाला ताप नको.

काळम्मावाडी धरणाचं पाणी सुटून दूधगंगा पात्राबाहेर आली की आमची वाट बंद. कारदगा-भोज पूल काय, मलिकवाड-दत्तवाड पूल काय, सगळीकडं तीच गत. 2019 आणि 2021 च्या महापुरात बोटीतून फोटो काढायला येणारे कमी नव्हते. जनावरांच्या दवाखान्याचा बोर्ड मात्र गावात नुसता रंगवलेला आहे, कुलूप निघत नाही.

म्हस रात्री व्याली आणि पहाटे अंग, म्हणजे गर्भाशय, बाहेर आलं. ज्यांचं हे काम त्यांना फोन लावला तर म्हणाले, जनावर इकडं घेऊन या. उठवत नाही त्या म्हशीला पाण्यातून न्यायचं कसं?

तुम्ही लांबचा वळसा घालून, शेवटी ट्रॅक्टरवर बसून आलात. चिखलात गुडघे टेकलेत आणि आईला विचारलंत, "अव्वा, घरात साखर हाय?" साखरेनं सूज उतरते हे आम्हाला ठाऊक नव्हतं. आईनं डबाच पालथा केला. तुम्ही मुठीनं साखर पसरलीत, थांबलात, मग बोटं न लावता नुसत्या तळव्यानं हळूहळू अंग आत सारलंत. म्हस कण्हायची थांबली तेव्हा आमच्या जिवात जीव आला.

नंतर दिलेला चहा बिनसाखरेचा होता. तुम्ही मुकाट्यानं प्यालात. दुसऱ्या दिवशी टाके बघायला आलात तेव्हा औषधांच्या पिशवीतून किलोभर साखरेचा पुडा काढून चुलीपाशी ठेवलात. आई आता आल्यागेल्याला आधी साखरेचं सांगते, म्हशीचं मागून.

तुम्ही फी घेतली नाहीत म्हणून हे लिहीत नाही, ती देणं आमचं कामच होतं. पण दुसऱ्याच्या घरात काय संपलंय हे ध्यानात ठेवणारा माणूस सरकारी खात्यात आहे, हे लोकांना कळलं पाहिजे. तुमचं मराठी मोडकं, आईला कन्नड येत नाही, तरी त्या गोठ्यात कुणाचं काही अडलं नाही. अशी माणसं भेटतात म्हणून नदीकाठी राहायचं बळ येतं.

रेडी आता उड्या मारते, म्हस वैरणीला तोंड लावते. टाके काढायला याल तेव्हा जेवूनच जायचं, असं आईनं बजावून सांगितलंय.

तुमचा ऋणी,
दूधगंगेकाठचा एक शेतकरी