मावशी, त्या संध्याकाळी तुम्ही थांबलात

प्रिय मावशी,

सप्रेम जयभीम.

तुम्ही टिटवाळ्याला लेकाकडे राहायला गेलात त्याला चार महिने झाले. फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि मला जे सांगायचंय ते ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून लिहितेय. सगळ्यांना वाचता येईल असं लिहितेय, कारण तुमच्यासारखी माणसं आहेत हे चार लोकांना कळलं तर बरंच आहे.

बाबा जानेवारीत गेले. त्यानंतर मी रोज संध्याकाळी न चुकता बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावायचे, उदबत्ती लावायचे, वंदना म्हणायचे. बाबा म्हणायचे म्हणून. गोदीतून आले की आधी आंघोळ, मग धुतलेला पांढरा सदरा, आणि मग त्यांचा तो खर्जातला आवाज. शाळेत जायच्या आधीपासून मी त्यांच्या शेजारी मांडी घालून बसले. सहा डिसेंबरला त्यांच्या खांद्यावर बसून चैत्यभूमीची रांग पाहिली, शिवाजी पार्कातल्या पुस्तकांच्या स्टॉलवर त्यांचं बोट धरून फिरले. सगळं पाठ होतं मला. पण ते गेल्यावर एकटीने म्हणायला लागले, तेव्हा कळलं की मला माझा आवाजच नव्हता. आयुष्यभर मी त्यांच्या आवाजाखाली म्हणत आले होते. श्रद्धा त्यांची होती, मी तिच्या सावलीला बसले होते. झाड गेलं आणि मी उन्हात आले.

हे मी बाबांच्या जलदान विधीनंतर, म्हणजे आपल्यातल्या मरणोत्तर विधीनंतर, एका जाणत्या माणसाला बोलून दाखवलं. व्यासपीठावर बोलणारे, बाबांना ओळखणारे. वाटलं, समजून घेतील. ते चारचौघांत म्हणाले, "तुझ्या बापाने चळवळीत हाडं झिजवली आणि तू आता शंका काढतेस? बाबासाहेबांनी आपल्यासाठी सगळा विचार करून ठेवलाय." मी मान खाली घालून घरी आले. ऑफिसातली मैत्रीण म्हणाली, "आमच्या गुरूंकडे चल, सगळं त्यांच्यावर सोडून दे, हलकं वाटेल." तिच्या मनात माया होती, तिच्यावर माझा राग नाही. पण दोघंही मला एकच सांगत होते. तुझ्या वतीने दुसऱ्या कुणीतरी मानलंय, तू फक्त मागे उभी राहा.

त्या पहिल्या माणसावरचा राग मात्र अजून गेलेला नाही. बाबासाहेबांनी येवल्यात धर्मांतराची घोषणा केली १३ ऑक्टोबर १९३५ ला. नागपुरात दीक्षा घेतली १४ ऑक्टोबर १९५६ ला. मधली २१ वर्षं तो माणूस वाचत होता, तपासत होता, पारखून घेत होता. दादरला त्यांनी पुस्तकांसाठी राजगृह हे घर बांधलं, असं बाबा मला लहानपणी अभिमानाने सांगायचे. ज्याने २१ वर्षं विचार केला, त्याचं नाव घेऊन बाप गेलेल्या पोरीला गप्प बसवायचं? हे बाबासाहेबांना तरी पटलं असतं का?

मग आली आषाढी पौर्णिमा. वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा पावसाळ्यातला एका जागी मुक्काम, सुरू झाला, आपल्या विहारात ग्रंथवाचन होतं. मी आले ती लोकांनी नावं ठेवू नयेत म्हणून. कन्नमवार नगरात त्या दिवशी पाऊस असा कोसळत होता की पत्र्यावरच्या आवाजात शेजारच्याचं बोलणं ऐकू येईना. सतरंजीवर तुमच्या बाजूला जागा होती, तिथे बसले. 'नमो तस्स' तीनदा झालं. त्रिशरण, म्हणजे बुद्ध, धम्म आणि संघ यांना तीनदा शरण जाणं, सुरू झालं. पहिलं 'बुद्धं सरणं गच्छामि' म्हटलं, आणि 'दुतियम्पि'ला, म्हणजे दुसऱ्या खेपेला, माझा गळा बंद झाला. रडू नव्हतं ते. मनातून कुणीतरी विचारलं, तू खरंच जातेयस का शरण? आणि मला खोटं बोलवेना.

विहार पुढे गेला. पण माझ्या उजव्या कानाशी असलेला तुमचा आवाज थांबला.

मला आधी वाटलं तुम्हाला ठसका लागला. बघितलं तर हात जोडलेले, डोळे मिटलेले, ओठ बंद. दोऱ्याने बांधलेला तो चष्मा नाकावर घसरलेला. तुम्ही मला कोपराने ढोसलं नाहीत, पुढचा शब्द पुटपुटून आठवण करून दिली नाहीत, माझं गप्प राहणं झाकायला आवाज चढवला नाहीत. माझ्यासोबत गप्प राहिलात. पंचशील झालं, साधुकार झाला, तरी तुम्ही आणि मी तशाच. पन्नास माणसांत आपण दोघीच न बोललेल्या. सहा महिन्यांत पहिल्यांदा मला एकटं वाटलं नाही.

ते विसरता येत नाही मला. वर्षानुवर्षं तुमची वंदना चुकलेली नव्हती, हे साऱ्या वस्तीला ठाऊक. ती तुम्ही माझ्यासाठी सोडलीत.

नंतर खीर वाटली. तुम्ही काहीच विचारलं नाहीत. पायरीवर चपला शोधताना एवढंच म्हणालात, "अगं, गच्छामि म्हणजे मी जाते. आम्ही जातो असं नाही त्यात. सगळे एका सुरात म्हणतात, पण म्हणायचं ज्याचं त्याने. तुझ्या बाबांनी त्यांचं म्हटलं. तुझं तुला येईल तेव्हा म्हण." आणि छत्री उघडून निघून गेलात.

मी कॉलेज शिकलेली. हा शब्द हजारो वेळा म्हटला आणि त्यातला 'मी' मला कधी दिसला नव्हता. तो दाखवला चाळिशीत रात्रशाळेत अक्षरं गिरवलेल्या बाईने.

दुसऱ्या आठवड्यात तुम्ही तुमची वही दिलीत. शंभर पानी, कव्हर फाटलेलं. पालीच्या प्रत्येक शब्दाखाली पेन्सिलने मराठी अर्थ. 'समादियामि' खाली लिहिलंय, 'मी अंगावर घेते'. एका पानावर कालाम लोकांची गोष्ट आहे. ते बुद्धांना विचारतात, इतके जण येतात, जो तो आपलंच खरं म्हणतो, आम्ही कुणावर विश्वास ठेवायचा? आणि बुद्ध म्हणतात, तुम्हाला शंका येते हे योग्यच आहे. परंपरेने आलं म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, आपला गुरू सांगतो म्हणून मानू नका, स्वतः जाणून घ्या. या ओळीखाली तुम्ही दोन रेघा मारल्यात. आणि पुढच्या पानावर चौथ्या शीलासमोर, खोटं न बोलण्याच्या, बारीक अक्षरात लिहिलंय, 'अजून जमत नाही'.

ती ओळ वाचून मी रडले, मावशी. बाबा गेल्यावर तशी रडले नव्हते. तुमचंसुद्धा चालू आहे, संपलेलं नाही, हे बघून मला केवढा धीर आला.

माणुसकी म्हणजे मोठमोठी भाषणं, असं आपल्याकडे झालंय. कुणाला मदत करायची तर आधी त्याला चार शब्द सुनवायचे. दुसऱ्याचा गोंधळ सहन करून त्याच्या बाजूला नुसतं बसायला केवढा जिव्हाळा लागतो, हे मी तुमच्याकडे पाहिलं. तुम्ही मला काही पटवायला गेला नाहीत, म्हणूनच मला हळूहळू पटायला लागलं.

आता मी संध्याकाळी जेवढं खरं वाटतं तेवढंच म्हणते. सुरुवातीला नुसतं पहिलं शील, जीवहिंसा न करण्याचं, म्हणायचे. ऑफिसात एका माणसाबद्दल मनात विष साठलं होतं, त्याच्यापाशी अडले, तर दोन आठवडे तिथेच होते. त्रिशरण पूर्ण म्हणायला अश्विन पौर्णिमा उजाडली. बाबांचा आवाज येतो अजून, पण आता शेजारून येतो. माझा आवाज बारीक आहे, थोडा बेसूर आहे. तो मला ऐकू येतो.

वही तुम्हाला परत द्यायला पुढच्या रविवारी टिटवाळ्याला येतेय. चौथ्या शीलासमोर तुमच्या ओळीखाली मीही पेन्सिलने एक ओळ लिहिलीय. रागावू नका. हे पत्र कुणाकडून वाचून घेऊ नका, तुम्हीच वाचा, नेहमीसारखं ओळीवर बोट ठेवून, सावकाश. मी आले की बाजूला बसेन. तुमचं वाचून होईपर्यंत थांबेन.

तुमची,
गोदीवाल्यांची धाकटी