उन्हाळ्यात दिसेनाशी होणारी शाई : ठेव पावत्यांच्या सुरक्षा शाईबद्दल तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक तक्रार विभाग

दिनांक : १२ मे

विषय : उष्णतेने रंग बदलणारी निळी शाई तापमान न सांगता विकल्याबद्दल आणि नंबरिंगची लाल शाई कागदात मुरत नसल्याबद्दल तक्रार.

महोदय,

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात गेली सव्वीस वर्षे माझा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुके, दूध संस्थांची कार्डे अशी कामे करत आलो. डिसेंबरमध्ये करवीर तालुक्यातल्या एका पतसंस्थेने ठेव पावत्यांचे काम दिले. आदल्या वर्षी त्यांच्याकडे कुणीतरी रंगीत झेरॉक्स काढलेली पावती घेऊन आले होते आणि ती जवळजवळ वठलीच होती. तेव्हा संचालक मंडळाने सांगितले, खर्च थोडा वाढला तरी चालेल, पण पावतीची नक्कल करता येऊ नये.

म्हणून मी तुमच्या कंपनीकडे आलो. तुमचे प्रतिनिधी छापखान्यात येऊन तासभर बसले. त्यांच्या सल्ल्याने तीन शाया घेतल्या. एक अदृश्य, यूव्ही म्हणजे अतिनील किरणांच्या दिव्याखाली उजळणारी. दुसरी निळी, बोटाने घासली की उबेने रंग जाणारी. तिसरी नंबरिंगची लाल, जी कागदात मुरून मागच्या बाजूला उमटते. बिलाची प्रत सोबत जोडली आहे.

अदृश्य शाईबद्दल माझी काहीही तक्रार नाही, हे आधीच लिहितो. बँकांच्या चेकवर बोधचिन्ह असेच अदृश्य शाईत असते, तसे संस्थेचे चिन्ह मी पावतीवर छापले. छपाईच्या साध्या मॅपलिथो कागदात पांढरेपणासाठी चकाकी आणणारे रसायन, म्हणजे ब्राइटनर, घातलेले असते. तो कागद यूव्ही दिव्याखाली स्वतःच निळसर उजळतो आणि त्यावरची शाई ओळखू येत नाही. म्हणून मी ब्राइटनर नसलेला कागद मुद्दाम मागवून घेतला. ३६५ नॅनोमीटरच्या दिव्याखाली आजही ते चिन्ह स्वच्छ पिवळे-हिरवे दिसते.

तक्रार आहे ती निळ्या शाईची.

पावतीच्या उजव्या कोपऱ्यात रुपयाच्या नाण्याएवढी निळी चकती छापली आणि खाली ओळ टाकली : 'चकतीवर अंगठा घासा. रंग जाऊन परत आला तरच पावती खरी.' छपाई जानेवारीत झाली. सकाळच्या गारठ्यात चकती गडद निळी दिसायची, अंगठा घासला की पुसल्यासारखी व्हायची आणि बोट काढल्यावर सावकाश परत भरायची. संस्थेच्या सचिवांनी स्वतः येऊन पन्नास पावत्या घासून पाहिल्या आणि समाधानाने गेले. चार हजार पावत्या दिल्या. मार्चअखेरपर्यंत त्यातल्या अकराशे ठेवीदारांच्या हातात गेल्या होत्या.

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात संस्थेतून फोन आला, 'ताबडतोब या.' मी गाडी काढून गेलो. कचेरीवर पत्र्याचे छत, दुपारचे दोन वाजलेले, वरचा पंखा गरम वारा टाकत होता. काउंटरसमोरच्या बाकावर सत्तरीच्या एक आजी बसल्या होत्या. दुधाचे पैसे साठवून त्यांनी वीस हजारांची ठेव ठेवली होती आणि नातीच्या फीसाठी ती मोडायला आल्या होत्या. कॅशियरच्या हातात त्यांची पावती होती आणि तिच्या कोपऱ्यात चकतीच नव्हती. कोरा कागद. नियम मीच छापून दिलेला, कॅशियर नवीन मुलगा, त्याने पावती बाजूला ठेवून आजींना थांबायला सांगितले होते. दीड तास त्या बाकावर बसून होत्या. मी आत गेलो तेव्हा मला साहेब समजून त्यांनी विचारले, "माझी पावती खोटी हाय व्हय रं बाळा?"

मी पावती हातात घेतली. कागद माझा, अक्षर माझ्या प्लेटचे, नंबर माझ्या मशीनवर पडलेला. कोपऱ्यात पाण्याचा माठ होता. पावतीची चकतीची बाजू मी माठाच्या ओल्या पोटाजवळ नेली, मध्ये रुमाल धरला म्हणजे कागद भिजणार नाही. काही क्षणांत कोपऱ्यात फिकट डाग आला आणि बघता बघता निळी चकती पूर्ण भरली. पावती उचलून टेबलावर ठेवली तर मिनिटाभरात परत कोरी.

आजींचे पैसे त्याच दिवशी मिळाले. पण त्या दीड तासाची भरपाई मी कशी करणार?

दुसऱ्या दिवसापासून मी तुमच्या कार्यालयाला फोन करतो आहे. चौथ्या फोननंतर शाईचे तांत्रिक पत्रक ईमेलवर आले. त्यात बारीक अक्षरात लिहिले आहे : रंग जाण्याचे तापमान ३१ अंश सेल्सियस. हा आकडा डब्यावर नाही, बिलावर नाही आणि प्रतिनिधींनी तोंडी सांगितलाही नाही. डब्यावर फक्त 'रंग बदलणारी, निळी' एवढेच आहे. कोल्हापुरात एप्रिल-मे महिन्यांत दुपारी पारा ३५ अंशांच्या वर असतो. म्हणजे ही शाई इथे उन्हाळ्यातल्या दुपारी दिसणारच नाही, हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत असायला हवे होते.

ही शाई कशी चालते ते मी आता नीट समजून घेतले आहे. काही मायक्रॉनच्या बारीक कुप्यांमध्ये रंगद्रव्य, सौम्य आम्ल आणि मेणासारखा पदार्थ एकत्र भरलेला असतो. मेण घट्ट असते तोवर रंगद्रव्य आणि आम्ल जोडीने राहतात आणि रंग दिसतो. मेण वितळले की त्यांची जोडी सुटते आणि रंग जातो. रंग किती अंशांवर जाणार हे त्या मेणाच्या वितळण्यावर ठरते. गेलेला रंग परत यायला तापमान त्याहून आणखी काही अंश खाली यावे लागते, म्हणून तापलेल्या कचेरीत संध्याकाळपर्यंत चकती परतत नाही. ३१ अंशांची शाई एसी चालू असलेल्या शोरूममध्ये किंवा थंड मुलखात उत्तम काम करील. पत्र्याच्या छताखालच्या पतसंस्थेत ती निरुपयोगी आहे. ४५ अंशांच्या आसपास रंग जाणारी शाईही बाजारात मिळते. धातूच्या नाण्याने घासल्यावर काळसर खूण उमटणारी शाई मिळते, तिला हवेच्या उष्णतेशी काही देणेघेणेच नाही. माझे काम कुठे वापरले जाणार हे तुमच्या प्रतिनिधींना ठाऊक होते. मी त्यांना संस्थेचे गावसुद्धा सांगितले होते. तरी उत्तर एवढेच मिळाले : "काका, बिनधास्त छापा."

छपाईत माझी चूक असेल असे तुमच्या कार्यालयातून सुचवले गेले, म्हणून लिहितो. ऑफसेट मशीनवर शाईचा थर फार पातळ बसतो आणि त्या थराच्या मानाने या कुप्या भरड असतात, म्हणून चकती मी स्क्रीनवर, म्हणजे जाळीतून जाड थर देऊन, छापली. थिनर मिसळला नाही, गरम हवेने वाळवली नाही. आणि छपाईत कुप्या फुटल्या असत्या तर माठाजवळ रंग परत आला नसता.

यातली सर्वांत गंभीर गोष्ट वेगळीच आहे. उन्हाळ्यात खरी पावती कोरी दिसते आणि साध्या शाईची निळी चकती असलेली रंगीत झेरॉक्स बरोबर दिसते. जी खूण नक्कल पकडण्यासाठी पैसे देऊन घेतली, तिनेच खऱ्या ठेवीदाराला संशयित ठरवले. पाचशेच्या नोटेवरचा आकडा तिरका धरला की हिरव्याचा निळा होतो, तो जानेवारीतही होतो आणि मेमध्येही. ती शाई प्रकाशाच्या परावर्तनावर चालते, उष्णतेवर नाही. ती माझ्यासारख्याला मिळत नाही, आणि मिळूही नये. पण कागदावरच्या खुणेने बाराही महिने एकच उत्तर द्यावे, एवढी अपेक्षा माझ्या छोट्या कामातही रास्त आहे.

दुसरी तक्रार लाल शाईची. पहिला डबा चांगला होता. नंबर टाकला की दुसऱ्या दिवशी पावतीच्या मागे लाल छटा उमटायची आणि ब्लेडने वरचा आकडा खरवडला तरी आतला डाग राहायचा. अडीच हजारांनंतर दुसरा डबा उघडला. त्यातल्या शाईने टाकलेला नंबर मी नव्या पात्याने हलकेच खरवडला तर आकडा निघून आला आणि मागची बाजू स्वच्छ राहिली. कागदाचा दोष म्हणाल, तर पहिल्या डब्याच्या तळाशी उरलेली शाई त्याच रीममधल्या कागदावर टाकून पाहिली आहे. ती मुरली. दोन्ही नमुने बॅच क्रमांकासह सोबत आहेत. हे मला आधी कळायला हवे होते, दुसरा डबा उघडला त्याच दिवशी मी तपासायला हवे होते. ती माझी कसूर मी संस्थेला सांगितली आहे.

मी संस्थेचे सगळे काम माझ्या खर्चाने नव्याने छापून देण्याचे कबूल केले आहे. वाटलेल्या अकराशे पावत्या परत मागवायच्या म्हणजे संस्थेची माणसे गावोगाव फिरणार आहेत. तेव्हा तुमच्याकडून मला पुढील गोष्टी हव्या आहेत. निळ्या शाईऐवजी नाण्याने उमटणारी किंवा जास्त तापमानाची शाई आणि लाल शाईचा चांगला डबा विनामूल्य द्यावा. चार हजार पावत्यांचा कागद, प्लेट आणि मजुरी यांचा हिशेब जोडला आहे, ती रक्कम द्यावी. दुसऱ्या डब्याची बॅच तपासून अहवाल लेखी कळवावा, कारण त्याच बॅचचे डबे आणखी कुणाकडे गेले असतील. आणि रंग जाण्याचे तापमान यापुढे डब्यावर ठळक छापावे. हा शेवटचा मुद्दा पैशांच्या मुद्द्याइतकाच महत्त्वाचा धरावा, ही विनंती.

हा छापखाना मी स्वतः चालवतो आणि त्यावरच माझे घर चालते, त्यामुळे ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ प्रमाणे मी ग्राहक आहे, असे माझे म्हणणे आहे. त्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार दाखल करता येते. पंधरा दिवसांत लेखी उत्तर आले नाही तर मी कोल्हापूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. त्याआधी तुमच्या तांत्रिक विभागातले कुणी येणार असेल तर दुपारी दोननंतर यावे. संस्थेच्या कचेरीत त्याच काउंटरवर पावती ठेवून दाखवतो.

आपला ग्राहक,
छापखाना चालक,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर

सोबत : बिलाची प्रत, दोन्ही डब्यांच्या लेबलांची छायाचित्रे, खरवडलेले नमुने, रद्द केलेल्या पाच पावत्या, खर्चाचा हिशेब.