तांबडी रेघ

एडिनबरा,
रविवार, सकाळ

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार. परवा फोनवर "तिकडे काय काय पाहिलंस?" म्हणून विचारलंस, पण नातवंडांच्या गोंगाटात धड बोलता आलं नाही. म्हणून निवांत लिहायला बसलोय.

काल इथल्या किल्ल्यावर गेलो होतो. आत युद्धसंग्रहालय आहे, तिथे रॉबर्ट गिब या स्कॉटिश चित्रकाराचं 'द थिन रेड लाइन' लावलंय. १८८१ चं चित्र. मी इतकी वर्षं मुलांना स्मरणचित्र शिकवलं, पण कधी न पाहिलेला प्रसंग कुणी इतका आठवून काढावा, हे प्रथमच बघितलं. पाय निघेना तिथून.

प्रसंग २५ ऑक्टोबर १८५४ चा, क्रिमियातल्या बालाक्लाव्हाचा. रशियन घोडदळ चालून येतंय आणि बंदराच्या वाटेवर आडवी उभी आहे ब्रिटिश फौजेतली ९३वी हायलँडर्स, स्कॉटिश पलटण. घोडदळ आलं की पायदळानं चौरस करायचा, म्हणजे चारही बाजूंना तोंड करून उभं राहायचं, हा तेव्हाचा रिवाज. तुला तो माझ्यापेक्षा जास्त ठाऊक. त्यांचा सेनानी कॉलिन कॅम्पबेल, त्यानं मात्र माणसं दोनच रांगांत पसरली आणि सांगितलं, इथून माघार नाही, उभे आहात तिथेच मरायचं. रसेल नावाच्या बातमीदारानं दुरून पाहिलं तेव्हा त्याला दिसली पोलादी टोकांची एक बारीक तांबडी रेघ. चित्राचं नाव त्या शब्दांवरूनच रूढ झालं.

लाल डगले, पिसांच्या उंच टोप्या, समोर रोखलेल्या संगिनी. मी बघत राहिलो ते पाय. किल्टखालचे उघडे गुडघे, आणि पावलं जमिनीत पुरल्यासारखी. पुढ्यात घोडा कोसळतोय, तरी रांग जागची हलत नाही.

खरं तर घोडे इतके जवळ आलेच नव्हते. बंदुकांच्या फैरी झडल्या आणि घोडदळ दुरूनच वळून गेलं. गिबनं त्यांना संगिनींपाशी आणलं म्हणून त्याला कुणी खोटं म्हणेल, पण मला ते पटत नाही. तूच एकदा अंगणात बाजेवर बसून म्हणाला होतास, "गोळीबार सुरू झाला की भीती जाते, त्याआधीचं थांबणं खरं जड." ते थांबणं रंगवायचं तर अंतर मिटवावंच लागतं रे.

आणि हे सगळं काढणारा माणूस स्वतः शिपाई नव्हता. जन्म १८४५ चा, फॉल्कर्कजवळच्या लॉरिस्टनचा. बालाक्लाव्हाच्या वेळी जेमतेम नऊ वर्षांचा पोर. सुरुवातीला काव्यातले, कथेतले विषय आणि व्यक्तिचित्रं करायचा. १८७८ मध्ये त्यानं 'कॉम्रेड्स' काढलं, क्रिमियाच्या बर्फात मरणाऱ्या जवानाला सोबत्यानं सावरलंय, आणि तिथून त्याला त्याची वाट सापडली. पुढे क्रिमियातल्याच आल्मा आणि इंकरमनच्या लढाया, वॉटर्लूच्या लढाईतला हूगोमाँचा दरवाजा. १८९५ ते १९०७ तो इथल्या नॅशनल गॅलरीचा कीपर, म्हणजे चित्रसंग्रह सांभाळणारा अधिकारी होता, १९०८ पासून स्कॉटलंडमधला राजाचा चित्रकार. मानमरातब भरपूर मिळाला, पण मला त्याहून 'कॉम्रेड्स'मधला तो आधाराचा हात मोठा वाटतो.

एक गोष्ट मात्र मनातून गेली नाही. हीच ९३वी पलटण आणि हाच कॅम्पबेल तीन वर्षांनी लखनौला होते. १६ नोव्हेंबर १८५७ ला सिकंदरबागेत सुमारे २००० हिंदी शिपाई मारले गेले. त्यांनाही पळायला वाट नव्हती, तेही उभे होते तिथेच मेले. चित्रासमोर उभा असताना ते आठवलं आणि घशाशी आलं. गिबचा हात मी मनापासून मानतो, तरी त्या शिपायांची रांग माझ्या डोळ्यांपुढून हलली नाही.

म्हातारपणी, १९२९ मध्ये, गिबनं पुन्हा रणांगण घेतलं: 'बॅक्स टु द वॉल'. पहिल्या महायुद्धात, १९१८ च्या एप्रिलमध्ये, ब्रिटिश सरसेनापती हेगनं फौजेला पाठ भिंतीला लावून शेवटपर्यंत लढायला सांगितलं, तो प्रसंग. लाल डगले जाऊन खाकी आली होती. चौऱ्याऐंशी वर्षांच्या हातानं पुन्हा जागा न सोडणारी माणसंच काढली. १९३२ ला तो गेला.

'थिन रेड लाइन'चं पोस्टकार्ड तुझ्यासाठी घेतलंय. फार लहान आहे, भिंग लागेल. पुढच्या महिन्यात येतो, तेव्हा घेऊन बसू. पाय बरोबर पडलेत का, ते तू बघून सांग.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
वसंत