पणजी–म्हापसा नेटवर्क टनेल: तीनदा बंद केलेल्या तिकिटाबाबत (तक्रार-नोंदीबाबत) तक्रार

प्रति,
तांत्रिक सेवा विभाग

विषय: दोन राउटरमध्ये ओएसपीएफ (राउटरांनी एकमेकांना रूट कळवण्याची पद्धत) जुळत नाही

महोदय,

हेच तिकीट तुम्ही तीनदा ‘पिंग चालते, लाइन ठीक’ असा शेरा मारून बंद केलेत. पिंग (पलीकडून उत्तर येते का याची चाचणी) चालते हे आम्हीच कळवले होते. तक्रार रूट, म्हणजे पलीकडच्या नेटवर्कची वाट, येत नसल्याची आहे.

म्हापशाची लाइन बदलताना तुमच्या तंत्रज्ञाने तिथल्या जीआरई टनेलचा (दोन कार्यालयांचे राउटर जोडणाऱ्या आभासी लाइनचा) एमटीयू, म्हणजे एका पॅकेटाची कमाल लांबी, १४०० बाइट केला. पणजीला तो १४७६ च राहिला (नेहमीचे १५०० वजा जीआरईच्या वेष्टनाचे २४). राउटरवर ‘शो आयपी ओएसपीएफ नेबर’ ही आज्ञा मारा: नेबरची (पलीकडच्या राउटरची) स्थिती म्हापशाला एक्सस्टार्ट, पणजीला एक्सचेंज, म्हणजे जोडणी अर्धवटच. थोड्या वेळाने नेबर पडतो आणि पुन्हा पहिल्यापासून; फुल (जोडणी पूर्ण) कधीच होत नाही. राउटर एकमेकांना ओळख देतात त्या हॅलो पॅकेटात एमटीयूचा आकडा नसतो, म्हणून नेबर निदान दिसतो तरी. आकडा जातो त्यानंतरच्या डेटाबेस डिस्क्रिप्शन (रूटच्या माहितीची यादी) पॅकेटातून, आणि १४०० वाला राउटर १४७६ पाहून ते पॅकेट टाकून देतो. यावर तुम्ही केबल बदललीत आणि राउटर बंद-चालू केलात!

शेवटी स्टॅटिक रूट (हाताने घातलेला, आपोआप न बदलणारा) टाकून गेलात, हे तर जास्तच वाईट. टनेलवर कीपअलाइव्ह (पलीकडचे टोक जिवंत आहे का याची ठरावीक तपासणी) नाही. म्हापशाची लाइन पडली तरी पणजीत टनेल ‘अप’च दिसतो आणि रूट जागचा हलत नाही. म्हापशाहून ४जी बॅकअपवरून निघालेल्या बिलाचे उत्तर पणजीचा राउटर त्या मेलेल्या टनेलातच ढकलतो. शुक्रवारच्या बाजाराला काउंटरवर बिल अडकते ते यामुळे.

दोन्ही टोकांना टनेलवर आयपी एमटीयू १४०० आणि टीसीपी एमएसएस (एका पॅकेटातला कमाल डेटा) १३६० ठेवा. नेबर फुल झाला की स्टॅटिक रूट काढा. मग म्हापशाची लाइन मुद्दाम उपटून बॅकअप लागतो का ते आमच्यासमोर दाखवा. डेड टायमर (हॅलो न आल्यास नेबर पडला असे धरण्याची मुदत) ४० सेकंदांचा आहे, त्याहून फार वेळ लागता कामा नये. ‘एमटीयू इग्नोर’ (एमटीयू जुळतो का ते पाहू नको) ही आज्ञा मारून फुल दाखवण्याची पळवाट नको. त्याने फक्त तपासणी थांबते, आकड्यांतली तफावत तशीच राहते.

काम चवथीच्या बाजाराआधी व्हावे. रूट बंद होते तेवढ्या दिवसांचे भाडे पुढच्या बिलातून वजा करावे, आणि यापुढे आमच्या सहीशिवाय तिकीट बंद करू नये. दोन्ही राउटरचे कॉन्फिगरेशन सोबत जोडले आहे.

आपला,
नेटवर्क विभाग प्रमुख,
पणजी कार्यालय