किडनी आणि स्टेम सेल : सुहासला पत्र

प्रिय सुहास,

स्टेम सेलची (मूळ पेशींची) इंजेक्शनं घेतली की किडनी पुन्हा नवी होते, असं तुला कुणीतरी सांगितलं आणि तू पैशांची जुळवाजुळवही सुरू केलीस, हे वाचून मला चैन पडेना. मी याच पेशींवर काम करतो, तेव्हा स्पष्टच लिहितो.

एका किडनीत साधारण दहा लाख नेफ्रॉन, म्हणजे रक्त गाळणाऱ्या सूक्ष्म गाळण्या, असतात. ते सगळे जन्माआधीच तयार होतात, नंतर एकही नवा बनत नाही. अस्थिमज्जा, चरबी किंवा नाळेतून काढलेल्या स्टेम सेलचेही नेफ्रॉन होत नाहीत. सूक्ष्मदर्शकाखाली त्या लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या दिसतात. प्रयोगशाळेतल्या ताटलीच्या तळाला चिकटून वाढतात. शिरेतून सोडल्या की बहुतेक फुप्फुसांच्या केशवाहिन्यांतच अडकतात आणि एक-दोन दिवसांत मरतात. किडनीपर्यंत पोचतात त्या मोजक्याच.

तरी प्राण्यांमध्ये गुण दिसतो! पेशी बाजूला काढून, त्या ज्या द्रवात वाढल्या तो नुसता दिला तरी इजा झालेली किडनी बरेचदा सावरते. त्यात पेशींनी सोडलेली प्रथिनं आणि एक्सोसोम नावाच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. त्यांच्यामुळे दाह कमी होतो, तगून राहिलेल्या पेशींना बळ मिळतं. या पेशींचं खरं काम निरोप्याचं आहे, असं माझं मत झालंय.

म्हणून आमची सगळी धडपड निरोप नीट पोचवण्यासाठी चाललीय. कुणी पेशी आधी कमी ऑक्सिजनमध्ये वाढवून काटक करतं, कुणी जेलमध्ये गुंडाळून थेट किडनीजवळ ठेवतं, कुणी फक्त एक्सोसोमच वापरतं. अवघड बाब अशी, की किडनीच्या रुग्णाच्या स्वतःच्या पेशी रक्तात साठलेल्या विषारी द्रव्यांमुळे आधीच थकलेल्या असतात.

माणसांवरचे निकाल संमिश्र आहेत. हृदयशस्त्रक्रियेनंतर किडनीला इजा झालेल्या 156 जणांवरच्या चाचणीत (2018) पेशींनी बरं होण्याचा वेग वाढला नाही. उलट 2012 मध्ये, जिवंत नातेवाइकाची किडनी बसवलेल्या रुग्णांना त्यांच्याच पेशी दिल्या, तेव्हा सुरुवातीच्या काळात शरीराने ती किडनी नाकारण्याचं प्रमाण घटलं. मला खरी आशा इथे वाटते.

आणि हेही वाच. थायलंडमधल्या एका ल्युपसच्या (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते त्या आजाराच्या) रुग्ण स्त्रीच्या किडनीत स्टेम सेलची इंजेक्शनं दिली होती. सुई टोचली त्या जागी गाठी झाल्या. 2010 साली ते प्रसिद्ध झालं. चाचणीच्या बाहेर, पैसे घेऊन कुणी हे देत असेल तर तिथे जाऊ नकोस. रीतसर चाचणीत रुग्णाकडून उपचाराचे पैसे सहसा घेत नाहीत, एवढी खूण पुरे.

तुझे वर्षभराचे क्रिएटिनिनचे आणि लघवीतल्या अल्ब्युमिनचे रिपोर्ट पाठव. रक्तदाब आणि किडनी जपणाऱ्या एसजीएलटी-2 गटातल्या औषधांबद्दल डॉक्टरांना काय विचारायचं, ते आपण फोनवर ठरवू. ते पैसे तूर्त बँकेतच राहू देत.

तुझा,
अनिरुद्ध